‘करवियलें’ : मराठीच्या घरातला जैन धर्म



आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. आपल्या मंडळात नवीन आलेल्या एखाद्या कुटुंबानं ‘आम्ही जैन’ असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘अच्छा, म्हणजे गुजराती का मारवाडी?’ सांगली-कोल्हापूरकडची मोठी माणसं हे हसून सोडून देतात. ‘नाही हो, आम्ही पाटील, शिरोळकडचे,’ म्हणतात आणि विषय संपतो. पण त्यांची इथे अमेरिकेत वाढणारी मुलं गोंधळतात. जैन सेंटरमध्ये बहुतेक गुजराती किंवा हिंदी कानावर पडतं, आणि मराठी मंडळात ‘तुम्ही मराठी कसे?’ असं विचारलं जातं. म्हणजे दोन्हीकडे पाहुणेच.

मी आयटीतला माणूस, त्यामुळे आधी आकडा बघतो. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैन होते. त्यातले १४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. यात गुजरात-राजस्थानातून येऊन स्थायिक झालेले आहेत, हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारेही आहेत, आणि त्यांचं नातं आपल्या भाषेच्या अगदी पायाशी जाऊन पोचतं.

शाळेत आपण सगळ्यांनी श्रवणबेळगोळचा शिलालेख पाठ केला होता. कर्नाटकातल्या त्या डोंगरावर गोमटेश्वराची, म्हणजे बाहुबलीची, सुमारे ५७ फुटी मूर्ती उभी आहे. बाहुबली हा पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचा मुलगा. राज्यासाठी भावाशी द्वंद्व झालं, बाहुबली जिंकला, आणि जिंकल्याच्या क्षणी त्याला त्या जिंकण्याचाच वीट आला. राज्य भावाला देऊन तो उभ्यानं ध्यानाला लागला, इतका काळ की अंगावर वेली चढल्या. मूर्तीच्या हातापायांवर त्या वेली कोरलेल्या दिसतात.

गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय यानं दहाव्या शतकाच्या अखेरीस ही मूर्ती घडवली. पुढे बाराव्या शतकात होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज यानं भोवतालचं आवार बांधलं. मूर्तीच्या पायाशी हीच माहिती कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरली आहे. मराठी मजकूर नागरी लिपीत आहे आणि त्यातलं क्रियापद आहे ‘करवियलें’, म्हणजे करवलं, करून घेतलं. हा मराठीतला पहिला शिलालेख की अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि आज बरेच जण अक्षीच्या बाजूनं बोलतात. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. आमच्या धंद्यात वापरणारा माणूस नसेल, तर त्या भाषेत कुणी स्क्रीन बनवत नाही. कन्नड मुलखात, डोंगराच्या माथ्यावर, दगडात मराठी कोरायची म्हणजे मराठी वाचणारे भाविक तिथे येत असणार. आणि ते जैन यात्रेला येत होते.

आता आणखी हजार-बाराशे वर्षं मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यात, पाले गावाजवळ एक लहानसं लेणं आहे. तिथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंतानं हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवलं, असं तो सांगतो. हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचला आणि इसवी सनापूर्वीचा जैन लेख म्हणून मांडला. त्याची सुरुवात ‘नमो अरहंतानं’ अशी आहे. जैन घरातलं मूल आजही नवकार मंत्राची सुरुवात याच शब्दांनी करतं. या मंत्रात कुणाही देवाचं किंवा तीर्थंकराचं नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सगळे साधू, अशा पाच पायऱ्यांना नमस्कार आहे. व्यक्तीला नाही, तिनं गाठलेल्या उंचीला.

पालेच्या लेखात क्रियापद आहे ‘कारापितं’. तिकडे ‘करवियलें’. आज आपण ‘करवलं’ म्हणतो. मधल्या दोन हजार वर्षांत शब्द झिजला, पण सुटला नाही.

या मधल्या वाटेवरही जैन लेखणी भेटत राहते. जैन साधूंनी लोकांच्या भाषेत लिहायचं ठरवलं होतं, म्हणून महाराष्ट्री प्राकृताचा एक मोठा साठा त्यांच्या ग्रंथांत टिकला. त्याला अभ्यासक ‘जैन महाराष्ट्री’ असंच म्हणतात. इ.स. ७७९ मध्ये उद्योतनसूरींनी राजस्थानातल्या जालोरला ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. त्यात बाजारात जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांचं वर्णन आहे. मराठे कसे? तर काटक, अभिमानी आणि भांडखोर! मंडळाच्या वार्षिक सभेला जाऊन आलेल्या कुणालाही यावर पुरावा मागावासा वाटणार नाही. पण त्याच वर्णनात त्यांनी आपल्या लोकांच्या तोंडचे शब्दही टिपले आहेत, आणि त्यांच्या शेवटी आपला ‘ल’ आहे, ‘दिले-घेतले’मधला. पुढे पंधराव्या शतकात गुणकीर्तींनी ‘धर्मामृत’ थेट मराठी गद्यात लिहिलं. विदर्भातलं कारंजा हे तर जैन भट्टारकांचं मोठं पीठ होतं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘जैन तर व्यापारी. शेती केली की किडा-मुंगी मरणारच, मग जैन शेतकरी कसा?’ प्रश्न रास्त आहे, आणि जैन विचारात त्याचं उत्तरही आहे. साधूची ती महाव्रतं, गृहस्थाची अणुव्रतं. हिंसेचेही चार प्रकार मानले आहेत. ठरवून, मारायच्या इराद्यानं केलेली ती संकल्पी. घरकामात होते ती आरंभी, उपजीविकेत होते ती उद्योगी, आणि स्वतःचं रक्षण करताना होते ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीची होईल तितकी कमी करायची. म्हणून कृष्णा-पंचगंगेच्या काठचा दिगंबर जैन शेतकरी ऊसही लावतो आणि सूर्य मावळायच्या आत जेवतोही.

अशाच एका शेतकरी समाजात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. गावाजवळच बाहुबलीचा डोंगर आहे आणि आज तिथेही २८ फुटी बाहुबली उभा आहे. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि श्रम करून शिकायची. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिलं. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. आपल्यापैकी कितीजणांचे आईवडील ‘रयत’च्या शाळेत शिकले, ते घरी विचारून बघा. कर्मवीर जैन होते, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आपणही त्यांना ‘गुजराती का मारवाडी’ असं विचारलं असतं का?

शेवटी एक कामाची गोष्ट. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. म्हणजे आपला गणेशोत्सव आणि त्यांचं वर्षातलं सगळ्यात मोठं व्रत हे दोन्ही त्याच दिवसांत येतात. कुणी उपास करतं, कुणी एकदाच जेवतं, कंदमुळं तर नाहीतच. पर्व झालं की सगळ्यांची क्षमा मागायची. आपल्याकडे त्याच सुमारास शनिवारी रात्री साडेआठला महाप्रसाद असतो आणि ताटात बटाट्याची भाजी. ते कुटुंब आरतीला येतं, टाळ वाजवतं, मुलांना नाचात उतरवतं, आणि न जेवता घरी जातं. ते तक्रार करत नाहीत, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही.

सप्टेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. एक पंगत साडेपाचला लावायची, मुगाची उसळ आणि भोपळ्याची भाजी कांदा-लसणाशिवाय करायची, एवढंच करायचं आहे. मंडळाच्या स्वयंपाक समितीतलं कुणी ऐकत असेल, तर यंदाचा मेनू ठरवण्याआधी एक फोन त्या पाटलांना करा.