उत्तर कारेलिया प्रकल्प

फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली सुरू झालेला हृदयविकार-प्रतिबंधाचा लोकव्यापी उपक्रम. त्या काळी येथील पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीचा अर्ज केला. प्रकल्पाची धुरा पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांकडे आली.

केवळ जास्त धोक्याच्या रुग्णांना हुडकून औषधे देण्याऐवजी सगळ्या लोकसंख्येचे कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान थोडेथोडे खाली आणायचे, हा प्रकल्पाचा मूळ विचार. बहुतेक मृत्यू मध्यम धोका असलेल्या असंख्य माणसांत होतात, म्हणून तो योग्यच होता. त्या काळी येथे पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध आणि खारट जेवण रोजचेच होते. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी मेळावे भरवून कमी चरबीचे, भाज्या घातलेले पारंपरिक पदार्थ शिजवून दाखवले. बदल स्वयंपाकघरातून झाला, हे त्यांचे मोठे श्रेय. लोणी मागे पडल्यावर दुग्धव्यावसायिकांचे पोट कसे चालणार, हा रास्त प्रश्न होता. त्यासाठी बेरी-लागवडीला उत्तेजन देण्यात आले. खाद्यउद्योगही कमी मिठाची, कमी चरबीची उत्पादने काढू लागला.

१९७७ पासून हे काम देशभर पसरले. चार दशकांत उत्तर कारेलियातील काम करण्याच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. सुधारित उपचारांचाही त्यात वाटा आहे. मात्र सुरुवातीच्या दशकांतील घट मुख्यतः धोक्याचे घटक कमी झाल्याने, विशेषतः कोलेस्टेरॉल उतरल्याने झाली.