प्रतिवादीचा ठावठिकाणा : खेड तालुक्यातील समन्स-बजावणीचा इतिहास

दिवाणी दाव्यात प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा दाखल झाला आहे त्या पक्षकाराला, न्यायालयाचे बोलावणे पोहोचल्याखेरीज दाव्याचे काम पुढे चालू नये हे तत्त्व जुने आहे. परंतु तो पक्षकार कोठे राहतो हे न्यायालयाला कोणी सांगायचे, या प्रश्नाचे उत्तर भीमाकाठच्या खेड तालुक्यात, ज्याचे मुख्य गाव आज हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या नावाने राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते, गेल्या दोन शतकांत पुनःपुन्हा बदलत गेले.

पेशवाईत हे काम अवघड नव्हते, कारण वाद गोतापुढे किंवा पंचायतीपुढे चाले आणि पाटील, कुलकर्णी व बलुतेदार प्रत्येक घराला ओळखत. बोलावण्यासाठी सरकारी शिपाई पाठवला, तर त्याच्या येण्याजाण्याचा आकार, ज्याला मसाला म्हणत, पक्षकाराकडूनच वसूल होई. टाळाटाळ करणाऱ्याच्या दारी मोहसल बसवला जाई, म्हणजे काम होईपर्यंत शिपाई त्याच्याच खर्चाने तेथे मुक्काम ठोकी. उपस्थितीची हमी घेणाऱ्यास हजीरजामीन म्हणत. ही पद्धत सौम्य होती असे मुळीच नाही, परंतु आपल्याविरुद्ध वाद उभा आहे हे तिच्यात कोणालाही नाकारता येत नसे.

कंपनी सरकारच्या 1827 च्या एल्फिन्स्टनकालीन संहितेने आणि पुढे 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने, हे काम न्यायालयाच्या पगारी कर्मचाऱ्याकडे सोपवले. हा कर्मचारी म्हणजे बेलीफ. त्याने समन्स घेऊन गावी जावे, प्रत पक्षकाराच्या हाती द्यावी आणि मूळ समन्सवर शेरा लिहून ते परत करावे, अशी व्यवस्था झाली. 1859 च्याच मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे सावकारांना वरचेवर रोखे नवे करून घेणे किंवा दावे लावणे भाग पडले आणि बेलिफाच्या फेऱ्या वाढल्या. 12 मे 1875 रोजी सुपे येथे सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाला असे आढळले की पुष्कळ हुकूमनामे एकतर्फी, म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना झालेले होते. कोणी कुणबी खर्चाच्या व निराशेच्या पोटी न्यायालयात जातच नसे, तर कोणाला समन्स मिळालेलेच नसे, कारण सावकाराने हात ओला केलेला माणूस गावाला न जाताही बजावणी झाल्याचा शेरा लिहू शके. येथे न सापडणारा प्रतिवादी बहुधा आपल्याच शेतात होता; त्याला शोधण्याची इच्छा तेवढी कोणाला नव्हती.

म्हणूनच पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झालेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात, विशेष कारण नोंदवल्याशिवाय प्रतिवादीची साक्षीदार म्हणून तपासणी टाळू नये, असे बंधन घातले गेले. या कायद्याखालील कामावर देखरेख करणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते, हे त्यांच्या सामाजिक कार्याच्या वर्णनात बहुधा एका ओळीत आटोपले जाते.

1908 च्या संहितेने सध्याची चौकट घातली : व्यक्ती न मिळाल्यास कुटुंबातील प्रौढ पुरुषास (1976 नंतर स्त्रीसही) प्रत द्यावी; तेही जमले नाही तर घराच्या बाहेरच्या दारावर ती चिकटवावी आणि घर कोणी दाखवले त्याचे नाव शेऱ्यात लिहावे. या शेवटच्या अटीचा सारा भार गावाच्या ओळखीवर होता आणि ती ओळख दोन बाजूंनी झिजली. खेड, आंबेगाव व जुन्नर या भागांतील माणसे कामधंद्यासाठी मुंबईला गेली, तेव्हा ‘राहत नाही, मुंबईस असतो’ एवढ्यावर बेलिफाला परतावे लागे. आणि 1 जानेवारी 1963 पासून वंशपरंपरागत महसुली पाटीलकी संपल्यावर घर दाखवणारा ठरलेला माणूसही उरला नाही.

चाकण औद्योगिक वसाहतीने हा पेच दुहेरी केला. जमिनीचे भाव चढल्यामुळे जुन्या वाटपाचे दावे उभे राहिले. अशा दाव्यात प्रत्येक हिस्सेदार पक्षकार असावा लागतो, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 1994 च्या राज्यदुरुस्तीने व 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हक्क दिल्यावर लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणींचे आणि त्यांच्या वारसांचे पत्ते शोधणे ओघाने आले. उलट महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथे भाड्याच्या खोल्यांत राहणारा परप्रांतीय कामगार खोली बदलली की शेजाऱ्यालाही सांगून जाईल असे नाही, आणि ज्या दारावर समन्स चिकटवायचे त्या दारामागे तोवर दुसराच भाडेकरू आलेला असतो.

अशा वेळी वादीच्या अर्जावरून पर्यायी बजावणीचा आदेश होतो, म्हणजे न्यायालयाच्या आवारात व शेवटच्या ज्ञात घरावर प्रत लावली जाते किंवा दैनिकात जाहीर समन्स छापले जाते. ते दैनिक प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता त्या भागात खपणारे असावे असा नियम आहे; त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या माणसासाठी जाहिरात नेमकी त्याने सोडलेल्या गावातच वाचली जाते. 2002 पासून कुरिअर व ई-मेल यांना मान्यता मिळाली आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरील नोटीस उघडली गेल्याचे दिसताच ती बजावणी ग्राह्य धरली. परंतु यासाठी चालू मोबाईल क्रमांक ठाऊक असावा लागतो.

या पर्यायी बजावणीविषयी कायद्यालाही पुरती खात्री नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी 1963 च्या मुदत कायद्याने तीस दिवस दिले आहेत. ते एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायचे आणि समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. पर्यायी बजावणी ही या तरतुदीपुरती रीतसर बजावणी समजू नये, असे स्पष्टीकरण त्याच तरतुदीखाली जोडलेले आहे. परिणामी जाहिरातीवर मिळालेला वाटपाचा हुकूमनामा हाती असलेल्या वादीलाही, मुंबईतला एखादा चुलतभाऊ पुढे कधीतरी अर्ज घेऊन उभा राहील, हे गृहीत धरावे लागते.