आनंदीबाईंचा अर्ज

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी केला, तेव्हा विषय शोधावयास मला लांब जावे लागले नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि सेवानिवृत्तीनंतरही ती खोड गेलेली नाही. शिवाय आपल्याच गल्लीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी मला असा प्रश्न विचारला, की उत्तर देण्यासाठी पुन्हा इतिहासाचीच पाने उलटावी लागली.

ही मुलगी तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. नाव मी मुद्दामच घालत नाही. दसरा झाला की तिचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यात परततात. घरी म्हातारी आजी आणि दोन धाकटे भाऊ. त्यांच्यासाठी आठवीनंतर तिची शाळा सुटली. दुपारी घरकाम आटोपले की ती माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली. आम्ही दोघींनी मिळून पुस्तके संपवली. १७ नंबरचा फॉर्म भरून ती खाजगी विद्यार्थिनी म्हणून आधी दहावीला व पुढे बारावीला बसली आणि दोन्ही वेळा पास झाली. पेढे द्यावयास आली तेव्हा तिचा चेहरा मात्र उतरलेला होता. म्हणाली, "बाई, मी तर घरीच शिकले. मला कॉलेजात घेतील का वो? आन् घेतलं तरी पैसे कुठून आणायचे?"

या दोन प्रश्नांना मी तिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगितली. ती आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली आहे. पण बहुधा तिचा शेवटच, म्हणजे आनंदीबाई डॉक्टर झाल्या, एवढाच आपल्या लक्षात राहतो. त्या कॉलेजात शिरल्या कशा आणि पैसा कोठून आला, हे आपण सहसा विचारीत नाही. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवावयाचेच, असा त्यांचा ध्यास होता. त्यांची बदली होईल त्या गावी, अलिबागला, कोल्हापूरला, कच्छमध्ये भुजला आणि पुढे बंगालमध्ये, हे शिक्षण चालू राहिले. आनंदीबाईंचे मुख्य शिक्षण झाले ते घरीच, नवऱ्याच्या देखरेखीखाली.

घरच्या या शाळेचे आपण उगीच गोडवे गाऊ नयेत. अभ्यास चुकला की गोपाळराव मारीत, अंगावर वस्तू फेकीत, हे आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रातच नोंदवून ठेवले आहे. त्याच पतीमुळे आपण शिकलो, हेही त्या कृतज्ञतेने सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरात शिकणाऱ्या मुलीचा गुरू घरातलाच असतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारे बाहेरचे कोणी नसते. म्हणून अशा मुलीच्या घरी शेजारणीचे जाणेयेणे असावे, असे मला फार वाटते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाला नाही, हे दुःख त्यांच्या मनात खोल रुतून बसले. बायका पुरुष डॉक्टरपुढे सहसा जात नसत आणि स्त्री डॉक्टर क्वचितच मिळे. आपण स्वतः डॉक्टर व्हावयाचे, हा निश्चय त्या दुःखातून झाला.

आता अर्जाकडे वळते. पहिला अर्ज आनंदीबाईंचा नव्हताच. तो गोपाळरावांनी केला होता आणि तो फसला. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी होते. पत्नीच्या शिक्षणासाठी आणि अमेरिकेत आपल्याला काम मिळावे म्हणून गोपाळरावांनी त्यांच्याकडे मदत मागितली. धर्मांतर केल्यास साहाय्य करू, असे उत्तर आले. जोशी दांपत्याने ते नाकारले आणि गोष्ट तेथेच संपल्यासारखी झाली.

परंतु वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती आला. कोठल्या परक्या देशातली एक लहान मुलगी शिकू पाहते आहे, हे वाचून त्यांनी तिला पत्र लिहिले. पत्रामागून पत्रे गेली, आली. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. नकार मिळालेला अर्जही चार लोकांच्या दृष्टीस पडावा लागतो, हे मला येथे विशेष वाटते. पेटीत ठेवलेल्या अर्जाला मावशी भेटत नाही!

दुसरा प्रश्न पैशाचा. अमेरिकेस एकटी बाई निघणार, हे कळताच चहूकडून टीका झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, आनंदीबाई स्वतः भाषणास उभ्या राहिल्या. मी अमेरिकेस का जाते, एकटी का जाते, येथेच का शिकत नाही, या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगितले. त्या भाषणाचा बोभाटा होऊन देशभरातून मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनीही दोनशे रुपये दिले. तरी तेवढ्याने भागले नाही. अंगावरचे सोने विकावे लागले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून बोटीने प्रस्थान ठेवले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. उतरवून घ्यावयास कार्पेंटर मावशी हजर होत्या.

आणि मग तो खरा अर्ज. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० साली निघालेले. जगातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी ते एक. तेथील चालकांना आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये पत्र लिहिले. त्यात त्यांनी विद्वत्तेचा आव आणला नाही. आपली तयारी प्रवेशाच्या अटींत बसेल की नाही, याची शंका त्यांनी मोकळेपणी लिहिली. मात्र आप्तांचा व जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तो निश्चयही गुणांत धरावा. आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करण्यासाठी आपल्याला हे शिक्षण हवे आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांची बाजू उचलून धरली. शाळेची बाके फारशी न पाहिलेल्या या मुलीला प्रवेश मिळाला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर शिष्यवृत्तीही मिळाली.

ही हकीकत सांगून मी त्या मुलीला म्हणाले, "जे नाही ते लपवू नकोस आणि जे आहे ते लाजून सोडू नकोस." आम्ही अर्ज भरला. तिच्या गुणपत्रिका बोर्डाच्याच. त्यांना घरी शिकल्याचा कोठे डाग नव्हता! परभणीच्या एका कॉलेजात बी.ए.ला तिचे नाव लागले. राहावयास जागाही मिळाली.

येथपर्यंत मी मोठ्या ऐटीत होते. पण पुढे माझ्याच हातून चूक झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज हल्ली संगणकावर भरावा लागतो आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तिच्या आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. आणि तो मोबाइल वडिलांच्या खिशात, कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात! फोन लावून लावून आम्ही थकलो. तो लागला तोवर मुदत टळून गेली होती. आईवडील गावी असताना, जूनमध्येच, तिचा स्वतःचा नंबर जोडून घेणे माझे काम होते. ते मी केले नाही.

संक्रांतीला ती तिळगूळ द्यावयास आली, तेव्हा मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. खोदून विचारल्यावर कळले, की फी भरावी लागेल म्हणून तिने संध्याकाळचा डबा बंद केला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आनंदीबाईंच्या गोष्टीचा शेवट मला ठाऊक होता आणि तो मी तिला घाईघाईने सांगितला होता.

तो शेवट असा. आनंदीबाईंची प्रकृती हिंदुस्थानातच ढासळू लागली होती. डोकेदुखी, ताप, धाप यांनी त्या त्रस्त असत. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली, त्यांचाही गुण आला नव्हता. फिलाडेल्फियाच्या थंडीत आणि परक्या अन्नपाण्यात ती आणखीच खालावली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली. पण त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हावयास महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या.

क्षयावर त्या काळी औषधच नव्हते, तेव्हा कोणा एकाला दोष देणे बरे नव्हे. पण प्रवासखर्च जमला, फीची सोय झाली, पदवी मिळाली. त्या मुलीची भूक, ऊब आणि विश्रांती मात्र कोणाच्या हिशेबात पुरी धरली गेली नाही, असे वाचताना वाटत राहते. आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मीही तीच चूक केली. फॉर्म मोजले, दाखले मोजले, डबा मोजला नाही!

पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटावयाच्या स्टीलच्या वाट्या आपण घेतल्या नाहीत. ते पैसे आणि भिशीतून ज्यांनी जे दिले ते मिळून तिची फी भरली गेली, आणि डबा पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी एक म्हातारी सभासद म्हणाली, "मला तर सहीबी येत नाही, पण माझे शंभर रुपये लिवा." मला सेरामपूरच्या सभेची आठवण झाली.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. आपल्या आया-आज्यांपैकी कितीजणींनी शाळेचे दार पाहिले? तरी ज्ञान आपल्याकडे अगदीच परके नव्हते. गंगाखेडची जनाबाई कोणत्या शाळेत गेली होती? शहाणपण घरात, जात्यापाशी होतेच; त्याला बाहेरचा दरवाजा उघडून देणारे कोणी नव्हते.

आज दरवाजे पुष्कळ आहेत. १७ नंबरचा फॉर्म आहे. १९८९ पासून राष्ट्रीय पातळीवर मुक्त विद्यालय आहे; त्यात चौदा वर्षे पुरी झालेल्यांना दहावीला बसता येते. त्याच वर्षी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय पद्धतीने प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची पूर्ण फी शासनाने भरावयाची, असा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. सवलत आहे, ती मिळवावयास उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते आणि चालू मोबाइल लागतो. हे सगळे आईबाप गावात असतानाच, ज्येष्ठ-आषाढात, उरकून ठेवले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे माझी दोनच मागणी आहे. एक, आपल्यापैकी चौघींनी दर जून महिन्यात अशा मुलींच्या घरी जाऊन त्यांचे कागद पाहावेत. दुसरे, संक्रांतीच्या वाणाचा पैसा दरवर्षी वेगळा काढून ठेवावा, आणि त्यातून फीच्या आधी जेवण धरावे.

ती मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सुटीत आली होती. बांगड्या आता जागच्या जागी होत्या. जाताना म्हणाली, "बाई, आमच्या खोलीत एक पोरगी आहे, तिचाबी अर्ज भरायचा राहिलाय. घेऊन येऊ का?"

मी म्हटले, घेऊन ये. ओसरी मोकळी आहे. आणि तिच्या आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे, ते आधी विचारून ये.