कोडावरील औषधी बियांचा इतिहास

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यागोत्यात असे एखादे घर नक्कीच असेल की ज्या घरातील मुलीच्या हनुवटीवर किंवा बोटांवर एके दिवशी एक लहानसा पांढरा ठिपका उमटला आणि त्या दिवसापासून घराचे सगळे वातावरणच पालटले. प्रथम हळद, मग लिंबू, मग कोणीतरी सांगितलेला लेप. पुढे लांब बाह्यांचे कपडे, लग्नसमारंभांना जाणे बंद, आणि शेवटी शाळाही बंद. स्थळ पाहायला येणाऱ्यांपासून ठिपका लपवायचा की सांगायचा, या प्रश्नाने आईवडिलांची झोप उडते. या आजाराला मराठीत आपण कोड म्हणतो, संस्कृतात श्वित्र, अरबीत आणि युनानी वैद्यकात बरस. जगात शंभर माणसांमागे साधारणपणे एकाला तो होतो. तो दुखत नाही, त्याने जीव जात नाही, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही; तरीही माणसाला जिवंतपणी एकटे पाडण्याची त्याची ताकद मोठी आहे.

या आजारावर माणसाने जे औषध शोधले त्याचा इतिहास मी या पानांवर आपणासमोर ठेवू इच्छितो. त्यात आपल्या घरातील मुलामुलींनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आपण मोठ्यांनी सावध होण्यासारखेही थोडे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोडाला पुष्कळ लोक ‘पांढरे कुष्ठ’ म्हणतात आणि येथेच घोटाळा होतो. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, आणि आज तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो व तेथे स्पर्श कमी कळतो. कोडाचा चट्टा दुधासारखा पांढरा असतो, पण तेथील संवेदना शाबूत असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच संरक्षक यंत्रणा हल्ला करते आणि त्या पेशी नाहीशा होतात, असे आजचे शास्त्र सांगते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने किंवा कोणाच्या पापामुळे कोड होते, याला काहीही आधार नाही.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या देशात या आजारावर फार पूर्वीपासून विचार झालेला दिसतो. अथर्ववेदात एका काळसर वनस्पतीला उद्देशून, शरीरावरचे पांढरे डाग रंगवून टाक, अशी प्रार्थना आहे. चरकसंहितेत तर एक फारच मार्मिक गोष्ट सापडते. उंबराच्या जातीतील एका रानझाडाचा रस गुळाबरोबर द्यावा आणि मग रोग्याला त्याच्या ताकदीप्रमाणे उन्हात बसवावे, असे तेथे सांगितले आहे. औषध आणि ऊन ही जोडी आपण लक्षात ठेवावी. या सर्व कहाणीची किल्ली तिच्यातच आहे. आयुर्वेदात कोडावरील दुसरे प्रसिद्ध औषध म्हणजे बावची. ही लहानशी रानवनस्पती असून तिचे बी काळपट, चपटे आणि उग्र वासाचे असते. युनानी हकीम तिलाच बाबची म्हणतात.

अरबी वैद्यकातही या आजाराचा सखोल अभ्यास झाला. इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात बरस आणि त्याच्यासारखा दिसणारा बहक यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. परंतु आपल्या कहाणीचा खरा नायक त्यांच्यानंतर सुमारे दोन शतकांनी झाला. त्याचे नाव इब्न अल-बैतार.

विद्यार्थी मित्रांनो, या माणसाचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे. अंदलूस म्हणजे मुसलमानांच्या अमलाखालील स्पेन. तेथील मालगा शहराच्या परिसरात ११९७ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. सेव्हिल येथे अबुल अब्बास अन-नबाती या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो शिकला. उस्तादाबरोबर रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करणे हेच त्याचे शिक्षण. पुढे १२१९ च्या सुमारास त्याने देश सोडला आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने प्रवास करीत तो पूर्वेकडे गेला. इजिप्तच्या सुलतान अल-कामिल याने त्याला आपल्याकडील वनौषधी जाणणाऱ्यांचा प्रमुख नेमले. १२४८ साली दमास्कस येथे त्याचे निधन झाले. औषधे आणि आहारद्रव्ये यांवरील त्याच्या मोठ्या कोशात सुमारे १४०० द्रव्यांची माहिती वर्णानुक्रमे दिलेली आहे. ग्रीकांकडून घेतले ते ग्रीकांच्या नावावर, पूर्वसूरींकडून घेतले ते त्यांच्या नावावर, आणि स्वतः पाहिले ते स्वतःच्या नावावर, असा त्याचा चोख हिशेब असे.

या कोशात ‘आतरीलाल’ नावाच्या वनस्पतीची नोंद आहे. हा बर्बर भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ पाखराचा पाय. धणे आणि ओवा यांच्या कुळातील ही वनस्पती असून तिला छत्रीसारखे पांढरे फुलोरे येतात. मगरिबमधील एका बर्बर टोळीला या बियांचा कोडावरील गुण ठाऊक होता. लोक औषधासाठी त्यांच्याकडे येत, पण ते नाव सांगत नसत. बापाकडून मुलाकडे हे गुपित चालत आले होते. इब्न अल-बैतारने ते कागदावर उतरवले. बियांची पूड पोटात घ्यावी, मग चट्टे उघडे ठेवून उन्हात बसावे, तेथे फोड येतील, आणि ते बरे झाल्यावर कातडीला रंग येऊ लागेल, असा त्या नोंदीचा आशय आहे. चरकसंहितेप्रमाणेच येथेही औषध आणि ऊन यांची जोडी आली! एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या लोकांनी केवळ डोळसपणे पाहून एकच नियम हेरला होता.

या नोंदीनंतर सुमारे सात शतके गेली. इजिप्तच्या बाजारात पूड विकली जात राहिली, पण ती गुण का देते हे कोणी सांगू शकत नव्हते. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. बावचीच्या शास्त्रीय नावावरून त्याला सोरालेन म्हणतात. पुढे १९४७ साली कैरो येथे फहमी आणि अबू-शादी या संशोधकांनी आतरीलालच्या बियांतून स्फटिकरूप द्रव्ये काढली. त्यातील मुख्य द्रव्य सोरालेनचेच भावंड निघाले. १९४८ साली कैरोचेच त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी कोडाच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला.

मग उन्हाचे कोडेही सुटले. सोरालेन त्वचेतील पेशींच्या आत जाऊन बसते, पण एकटे ते फारसे काही करीत नाही. सूर्यप्रकाशातील ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण पडले की ते जागे होते, पेशींच्या गुणसूत्रद्रव्याला चिकटते आणि त्वचेत मोठी उलथापालथ घडवते. केसांच्या मुळाशी रंगपेशी उरल्या असतील तर त्या यातून वाढून चट्ट्यात पसरतात. म्हणूनच सुधारणा होताना पांढऱ्या चट्ट्यात आधी बारीक तपकिरी ठिपके दिसतात. १९७४ साली अमेरिकेत बोस्टन येथील डॉक्टरांनी याच औषधाला विजेच्या अतिनील दिव्यांची जोड देऊन सोरायसिस या चिवट त्वचारोगावर यशस्वी उपचार केले. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांत पाठक हे आपल्याकडचे आडनाव आहे, हे वाचून आपणास आनंद होईल.

आपल्या देशातील हकीमांनी हा वारसा सोडला नाही. युनानीतील ‘सफूफ-ए-बरस’ या चूर्णात बाबची असते, रानअंजिराची साल असते आणि पवाड म्हणजे टाकळ्याचे बी असते. कोकणात पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच हा टाकळा. अंजिराच्या झाडातही सोरालेन असते, हे शास्त्रज्ञांना फार नंतर कळले. हैदराबाद येथील केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था बरसवरील कामासाठी आजही प्रसिद्ध आहे.

एवढे वाचून आपण लगेच बावचीचे तेल आणायला निघाल असे मला वाटते, म्हणून हात जोडून थांबवतो. जे औषध उन्हाने जागे होते ते उन्हाने भाजतेही. बावचीचे तेल लावून उन्हात गेल्यावर मोठे फोड येऊन कातडी सोलून निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याचेही आढळले आहे. सोरालेन आणि दिव्यांचे उपचार दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, हे १९७९ साली दाखवून देण्यात आले. त्यामुळे आज डॉक्टर बहुधा सोरालेनशिवाय, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांचे उपचार देतात, आणि २०२२ पासून अमेरिकेत कोडासाठी एका नव्या मलमालाही मान्यता मिळाली आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे. जी वनस्पती खरोखर औषध आहे तिला मात्रा असते, वेळ असते आणि धोकाही असतो. ‘आठ दिवसांत डाग साफ’ अशी जाहिरात करणाऱ्याला तिन्हींपैकी काहीच ठाऊक नसते.

पालक बंधुभगिनींनो, ठिपका दिसला तर प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नवा चट्टा लवकर दाद देतो. लपवण्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. पांढऱ्या जागेला कडक उन्हापासून सांभाळा. हकीमसाहेबांचे किंवा वैद्यांचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आणि काही झाले तरी मुलीची शाळा बंद करू नका. डाग तिच्या कातडीवर आहे, तिच्या बुद्धीवर नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपणासाठी एवढेच. त्या टोळीजवळ गुपित होते, ते लोकांना बरेही करीत होते. पण ज्ञान लिहिले गेले, दुसऱ्याने वाचले, तिसऱ्याने तपासले आणि चौथ्याने त्यातील दोष दाखवले, तेव्हा कुठे ते जगाच्या उपयोगी पडले. या साखळीत अंदलूसचा एक प्रवासी आहे, कैरोचे डॉक्टर आहेत, भारतातील रसायनशास्त्रज्ञ आहेत. पुढची कडी अजून रिकामी आहे. ती भरणारा मुलगा किंवा मुलगी आज आपल्याच एखाद्या वर्गात, कदाचित बाह्या खाली ओढून, शेवटच्या बाकावर बसलेली असेल. तिला पुढच्या बाकावर बोलवा.