वेदना, संज्ञा आणि पाण्याचे मडके

गतवर्षी वर्षावासाच्या काळात पनवेल परिसरातील एका विहारात वेदनानुपस्सनेवर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला. प्रवचन संपल्यावर एका ज्येष्ठ उपासिकेने एक प्रश्न विचारला. कोणा परिचिताच्या घरी त्या नातीसह गेल्या होत्या. चहा आला तेव्हा इतर पाहुण्यांच्या हाती चिनीमातीचे कप होते आणि या दोघींच्या हाती कागदी पेले. उपासिकाताईंनी पेला तसाच खाली ठेवला आणि त्या उठून आल्या. वाटेत नात म्हणाली, "आजी, कप कमी पडले असतील. तुला सगळीकडे जातच दिसते." ताईंचा प्रश्न एवढाच होता : "सर, दोष माझ्या नजरेचा की त्या पेल्याचा?"

आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न आहे. भोगलेली वेदना प्रौढ माणसाच्या संदिग्ध प्रसंगाकडे पाहण्याच्या दृष्टीला कसे वळण देते, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे, तसाच तो इतिहासाचाही आहे. आपल्या समाजाच्या संदर्भात तर तो प्रथम इतिहासाचाच आहे.

पालि वाङ्मयातील वेदनाविचार

मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालित वेदना म्हणजे अनुभूती. ती सुखद, दुःखद आणि अदुःखम-असुख अशी तीन प्रकारची सांगितली आहे. मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान स्थविरांनी भगवंतांच्या संक्षिप्त वचनाचा जो विस्तार केला आहे, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मूलगामी आहे. इंद्रिय, विषय आणि विज्ञान यांच्या संगमातून स्पर्श, स्पर्शातून वेदना, जे अनुभवले त्याचीच सञ्ञा म्हणजे ओळख, जे ओळखले त्याचाच वितर्क, आणि वितर्कातून प्रपंच, असा हा क्रम आहे. येथे व्याकरणाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेदनेपर्यंतची भाषा कर्तृहीन आहे. अमुक असता अमुक होते, एवढेच ती सांगते. वेदनेनंतर मात्र क्रियापदाला कर्ता येतो. माणूस अनुभवतो, ओळखतो, विचार करतो. अखेरीस तोच कर्ता आपल्या प्रपंचाच्या तावडीत सापडतो आणि भूत, भविष्य व वर्तमान या तिन्ही काळांतील वस्तूंकडे त्याच नजरेने पाहू लागतो.

याचा अर्थ असा की अनुभूती आधी येते आणि 'हे काय आहे' ही ओळख नंतर. ओळखीला वेदनेचा रंग आधीच लागलेला असतो. संयुत्त निकायातील सल्लत्थ सुत्त याच्या पुढे जाते. अशिक्षित माणसाला एक बाण लागला की तो शोकाचा दुसरा बाण स्वतःच लावून घेतो, शिकलेल्या आर्यश्रावकाला मात्र एकच बाण लागतो, ही त्या सुत्तातील उपमा सर्वपरिचित आहे. तिच्याच जवळ असलेली 'पटिघानुसया'ची चर्चा मात्र फारशी वाचली जात नाही. दुःखद वेदनेला प्रतिकार करता करता प्रतिकाराची एक वृत्ती मनाच्या तळाशी निजून राहते, आणि निमित्त मिळताच जागी होते. अनुसय या शब्दाचा अर्थच निजलेली वृत्ती असा आहे.

आधुनिक संशोधनाची दिशा याहून फार वेगळी नाही. दीर्घकाळ शारीरिक वेदना भोगणाऱ्या प्रौढांपुढे दुहेरी अर्थाचे शब्द ठेवले असता ते आजाराशी वा दुखण्याशी संबंधित अर्थ इतरांपेक्षा अधिक वेळा घेतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत तीन गोष्टी स्पष्ट केल्या : वेदना ही व्यक्तिगत अनुभूती असून तिच्यावर सामाजिक घटकांचाही प्रभाव असतो, वेदना म्हणजे काय हे माणूस जीवनानुभवातून शिकतो, आणि वेदना होते असे कोणी सांगितले तर त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

बाबासाहेबांची साक्ष

या विषयावरचा आपल्याजवळचा सर्वांत मोलाचा पुरावा बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले हे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कळावे म्हणून त्यांनी आपले व इतरांचे अनुभव त्यात नोंदविले. आम्ही त्यातील तीन प्रसंग येथे घेतो, कारण तिन्ही प्रसंगी परिस्थिती प्रथमदर्शनी संदिग्ध आहे.

पहिला प्रसंग १९०१ चा. सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीस असलेल्या वडिलांकडे जाण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे मसूर स्थानकावर उतरले. न्यायला कोणीच आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली मात्र, त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे, असा तोडगा निघाला. रात्र झाली. जकातनाके जवळच आहे असे गाडीवान सांगत राहिला, पण नाके दिसेना. मुलांच्या अंगावर सोन्याचे दागिने होते. हा आपल्याला आडरानात नेऊन मारणार, अशी शंका त्यांच्या मनात आली आणि ती रडू लागली. पुढे नाक्याचा दिवा दिसला. गाडीवान घातकी नव्हता.

हा प्रसंग सांगताना बाबासाहेबांनी आपली ती बालपणीची शंका लपविलेली नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. त्या दिवशी मुलांनी दोन अनुमाने केली. स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यावरून केलेले अनुमान खरे होते. गाडीवानाविषयीचे खोटे होते. दोन्हींच्या मुळाशी एकच वेदना होती. वडिलांनी माणूस का पाठविला नाही याचाही उलगडा पुढे झाला; पत्र पोहोचले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. वेदना माणसाला सत्य दाखवते आणि भ्रमही दाखवते. कोणते काय आहे हे त्या क्षणी तिला स्वतःला ठाऊक नसते.

दुसरा प्रसंग १९१७ चा, बडोद्याचा. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने हाकलल्यावर बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्राने उघड सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे वाक्य शब्दशः पाहिले तर निर्दोष आहे. पत्नीला विचारण्यात गैर काय? पण त्या घरात धर्मांतरानंतरही पत्नीचे सोवळे सुटलेले नव्हते, आणि ते उत्तर म्हणजे सभ्य नकारच होता, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. संदिग्धता पुष्कळदा आपोआप उत्पन्न होत नाही, ती उत्पन्न केली जाते. आपला नकार नकारासारखा दिसू नये, ही त्यामागची सोय असते.

तिसरा प्रसंग २३ ऑक्टोबर १९२९ चा, चाळीसगावचा. महारवाडा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही स्वागताला आलेल्या मंडळींनी बाबासाहेबांना सुमारे तासभर थांबवून ठेवले. का, ते त्यांना कळेना. मग टांगा आला. हाकणारा इतका अननुभवी की थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. उलगडा नंतर झाला. कोणीही टांगेवाला अस्पृश्य उतारू घेण्यास तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे वाड्यातील लोकांना अपमानास्पद वाटले. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसविले. पाहुण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानी आले नाही.

येथे वेदनेने दिलेले वळण अधिक सूक्ष्म आहे. पायी चालण्यात स्वतःहून अपमान नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाहनातून उतरविले गेले त्यांना मात्र त्यात अपमानाखेरीज दुसरे काही दिसेना. बाबासाहेबांनी त्या लोकांना दोष दिला नाही; टांगेवाल्यांच्या नकारातून ही आपत्ती कशी ओढवली, ते कारणपरंपरेने मांडले. प्रतीत्यसमुत्पादाची रीत याहून वेगळी ती काय?

भय आणि वेदना यांतील भेद

येथे कोणी म्हणेल की संदिग्ध प्रसंगाचा विपरीत अर्थ सारेच लावतात. मान्य. परंतु मूळ एक नसते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे आपले लोक चवदार तळ्यावर पाणी पिऊन परतले, तेव्हा ते आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि जमावाने हल्ला केला. तोही एक अर्थच लावला गेला होता. पण त्यामागे भोगलेली वेदना नव्हती, वर्चस्व जाईल हे भय होते. दोहोंचा परिणामही भिन्न. दुखावलेल्याच्या चुकीच्या अनुमानाने बहुधा त्याचे स्वतःचेच नुकसान होते. भयभीत वर्चस्वाच्या चुकीच्या अनुमानाने दुसऱ्याची डोकी फुटतात. म्हणून 'दोन्ही बाजू संशयी' असे म्हणून मोकळे होणे हे इतिहासाला धरून नाही.

बौद्ध परंपरेला ही दुखावलेली नजर पूर्वीपासून परिचित आहे. थेरगाथेतील सुनीत स्थविर पूर्वी निर्माल्य उचलणारे. राजगृहाच्या रस्त्यावर तथागत समोरून येताना दिसले तेव्हा बाजूला व्हायला जागा न मिळाल्याने ते भिंतीला अंग चिकटवून उभे राहिले, असे अट्ठकथा सांगते. थोर माणूस जवळ येतो म्हणजे आपण दूर व्हायचे, हेच त्यांना जीवनाने शिकविले होते. दिव्यावदानातील प्रकृतीची कथा पालि तिपिटकात नाही, संस्कृत परंपरेत आहे. आनंदाने विहिरीवर पाणी मागितले, तेव्हा प्रकृतीने आधी आपली मातंग जात सांगितली. या भिक्षूची काही चूक होत आहे असे तिला वाटले. आनंदाने आपण जात नव्हे, पाणी मागितल्याचे सांगितले. या दोन्ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतल्या आहेत. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : दुखावलेल्याला 'तुझी नजर सदोष आहे' असे कोणी सुनावत नाही. तथागत स्वतः जवळ जातात, आनंद पाणी पितो. आधी परिस्थिती बदलते, मग नजर.

पनवेलच्या वाटेवर

पनवेल हे तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील गाव. मुंबईहून महाडकडे जाणारी सडक येथूनच जाते. पनवेलच्या पंचक्रोशीत सोनबा येलवे यांची आठवण आजही सांगितली जाते. या वाटेने जाताना बाबासाहेबांना तहान लागली आणि उपाहारगृहात त्यांना पाणी नाकारले गेले, हे सोनबांना कळले. बाबासाहेब पुन्हा याच वाटेने येतील तेव्हा ते तहानलेले जाऊ नयेत, म्हणून सोनबा वर्षानुवर्षे पाण्याचे मडके भरून नाक्यावर उभे राहिले, असे लोक सांगतात. ही लोकस्मृती आहे आणि तिचे मोल लोकस्मृती म्हणूनच आहे.

या स्मृतीचा आम्ही पुनःपुन्हा विचार करतो. पाणी नाकारले गेल्याची वेदना सोनबांचीही होती. दुरून येणारी मोटार ही त्यांच्यासाठी नित्याची संदिग्ध गोष्ट. आत कोण आहे हे जवळ आल्याशिवाय कळणार नाही. पटिघाने भरलेल्या मनाला प्रत्येक मोटारीत पाणी नाकारणारा दिसला असता. सोनबांना प्रत्येक मोटारीत पाण्याची गरज असलेला दिसला. महाडचे तळे 'शुद्ध' करण्यासाठी सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी त्यात ओतल्या होत्या; येथे एका श्रमिकाने आपली एक घागर तहानेसाठी राखली. मडके तेच, पाणी तेच. भेद त्यामागील चित्ताचा. वेदना द्वेषाकडेच नेते असे नाही. ती करुणेकडेही वळू शकते, आणि हे वळण हीच भावना, हीच साधना.

मग उपासिकाताईंच्या प्रश्नाचे उत्तर काय? केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी निव्वळ तर्कावर किंवा अनुमानावर विसंबू नका असे सांगितले, तसे परंपरेवर वा गुरूच्या थोरवीवरही विसंबू नका असे सांगितले. म्हणून कागदी पेला पाहून आलेले अनुमान हे सत्य म्हणून धरू नये, आणि ते भ्रम म्हणून टाकूही नये. ती एक शक्यता आहे, आणि ती अनुभवाने शिकविलेली आहे. योनिसो मनसिकार म्हणजे ती शक्यता डोळसपणे तपासणे; शक्य तर सरळ विचारणे, "कप कमी पडले का?" उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ वाचता येते; मसूरच्या स्थानकावर ते वाचले गेलेच होते.

आणि नातीलाही आम्हांस एक सांगावयाचे आहे. दुसरा बाण लावून घेऊ नये हे खरे, पण दुसऱ्या बाणाचा उपदेश पहिला बाण नाकारण्यासाठी करावयाचा नसतो. आजीच्या अंगात पहिला बाण खरोखरच घुसलेला आहे. तिला सर्वत्र जात दिसते, कारण सर्वत्र जात तिला दाखविली गेली. तो बाण कोठून आला हे तिला आधी विचारावे, तिचे सांगणे मान द्यावा असे ऐकावे. मग दोघींनी मिळून पेल्याचा विचार करावा. ज्या घरी चहा होता त्या यजमानांनाही एवढेच सांगणे : कप कमी असतील तर तसे आधीच बोलून दाखवावे, किंवा कागदी पेला स्वतःच्या हाती घ्यावा. आनंदाने पाणी पिऊनच उत्तर दिले होते.