दोन अंशांचा कंस

वर्तुळपाकळीचा कोन आणि तिच्या कंसाची लांबी ठाऊक असली की वर्तुळाची त्रिज्या काढता येते, हा नियम आपण शाळेत शिकलो. परीक्षेतील चार गुणांपुरता वाटणारा हा नियम अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार ठरविण्याच्या कामी आला. त्या कार्यात फादर रुजेर बोस्कोविच या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोलाचा वाटा आहे.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून ती विषुववृत्तापाशी फुगीर व ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असे न्यूटनने १६८७ साली प्रतिपादिले होते. फ्रान्समधील कासिनी घराण्याच्या मोजणीतून नेमके उलटे अनुमान निघत होते. निर्णय कंसाकडून मिळणार होता. बैलगाडीच्या मोठ्या चाकावर आणि हातगाडीच्या लहान चाकावर केंद्राशी सारखाच कोन घेतला, तर मोठ्या चाकावरील कंस लांब भरतो. पृथ्वीचा पृष्ठभाग जेथे चपटा, तेथे त्याचा बाक मोठ्या चाकासारखा. तेव्हा ध्रुवांकडे अक्षांशाचा एक अंश लांब भरला, तर न्यूटनचे म्हणणे खरे. फ्रेंच अकादमीने १७३५ मध्ये विषुववृत्ताकडे व १७३६ मध्ये लॅपलंडकडे मोहिमा धाडल्या. उत्तरेचा अंश लांब भरला.

१७५० साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी फादर बोस्कोविच आणि इंग्रज येशूसंघीय फादर क्रिस्तोफर मेअर यांच्यावर रोम ते रिमिनी हा सुमारे दोन अंशांचा कंस मोजण्याचे व पोपसत्तेखालील प्रदेशाचा नकाशा सुधारण्याचे काम सोपविले. १७११ मध्ये दुब्रोव्निक येथे जन्मलेले बोस्कोविच रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयात गणित शिकवीत. सूर्यावरील डागाच्या तीन स्थानांवरून सूर्याचे परिवलन काढण्याची रीत त्यांनी १७३६ मध्येच दिली होती. पृथ्वीच्या परिवलनाचा प्रश्न मात्र नाजूक होता. ते शिकविणाऱ्या ग्रंथांवरील सरसकट बंदी तेव्हा कायम होती; १७५८ च्या निषिद्ध ग्रंथसूचीतून ती वगळण्यात आली.

या दोघा धर्मगुरूंनी रोमजवळ ॲपियन मार्गावर एक पायारेषा प्रत्यक्ष मोजली, दुसरी रिमिनीपाशी. मधल्या ॲपेनाइन पर्वतशिखरांवरून त्रिकोणांची साखळी जोडली. दोन्ही टोकांवरून ताऱ्यांची उंची पाहून केंद्राशी होणारा कोन काढला. एका अंशाची लांबी आली ५६,९७९ त्वाझ, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर.

आणि येथेच अडचण उभी राहिली. आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपाशी, ३३ अंशांवर, ५७,०३७ त्वाझ भरले होते. रोमचा प्रदेश ४३ अंशांवर, ध्रुवाला अधिक जवळ. तरीही तेथील अंश आखूड! बोस्कोविच यांनी हाती असलेली पाच मापे दोन-दोन घेऊन दहा जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडी पृथ्वीचा चपटेपणा निराळा सांगू लागली. त्यांनी कोणतेही माप लपविले नाही. पर्वतांच्या आकर्षणाने ओळंबा किंचित ढळत असावा, हे त्यांनी जाणले होते. १७५७ मध्ये त्यांनी नवी रीत मांडली: अधिक व उणे चुकांची बेरीज परस्परांना फेडील आणि चिन्ह न पाहता केलेली चुकांची एकूण बेरीज कमीत कमी राहील, असे उत्तर निवडावे. पाचही साक्षी ऐकून निवाडा देण्याचीच ही रीत होती. लजांद्रची प्रसिद्ध न्यूनतम वर्ग पद्धत त्यानंतर, १८०५ मध्ये, प्रसिद्ध झाली.

केपच्या मापाचे कोडे एकोणिसाव्या शतकात उलगडले. हिंदुस्थानची महान कंसमोजणी पुढे नेणारे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तेथील डोंगरांमुळे ओळंबा ढळल्याची शंका मांडली आणि फेरमोजणीत ती खरी ठरली.

श्रद्धा आणि विज्ञान यांच्या नात्याचा विचार करताना आपल्याला गॅलिलिओचा खटला आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. त्याच्याच शेजारी, पोपच्या आज्ञेवरून पर्वत तुडवून, मनाजोगते न आलेले उत्तर जसेच्या तसे छापणारे हे दोन धर्मगुरूही आपल्या मुलांना ठाऊक असावेत, असे आम्हांस वाटते.