परळची बटाट्याची साल

आचार्य दोंदे मार्गावरून तुम्ही-आम्ही हजार वेळा गेलोय. केईएम, टाटा, वाडिया. कुणाला डबा द्यायला, कुणाचा रिपोर्ट आणायला. पण यातल्या लहान मुलांच्या वाडियात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली बांधल्या जात आणि त्यावर रीतसर संशोधन झालं, हे किती जणांना ठाऊक आहे? मलासुद्धा पत्रकारितेत इतकी वर्षं काढल्यावर कळलं.

माणसाचं नाव डॉ. मनोहर केसवानी. प्लास्टिक सर्जन.

तो काळ आठवा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, जमिनीवर पंपाचा स्टोव्ह, शेजारीच खेळणारं पोर. उकळतं पाणी सांडायला कितीसा वेळ लागतो? भाजल्यावरचं पहिलं दुखणं एक आणि रोजच्या ड्रेसिंगचं दुसरं. कापडी गॉज जखमेला चिकटतं, वाळतं, आणि ओढून काढताना खाली नुकतीच धरलेली कोवळी कातडीही घेऊन येतं. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली तरी पोरं रडायला लागत.

जखम उघडी ठेवा, वाळू द्या, खपली धरली की बरी होते, असं आपल्या आज्या सांगायच्या. पुष्कळ डॉक्टरही तेच सांगत. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानं डुकरांवर प्रयोग करून उलटं दाखवलं. प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं भरली. कारण सोपं आहे. नवीन पेशी कडेनं सरकत येतात, त्यांना ओल लागते. खपली आली की त्यांना खालून वाट काढावी लागते.

मग परदेशात महागड्या पट्ट्या आल्या. परळच्या वॉर्डात त्या परवडणार कुणाला?

बटाट्याच्या सालीत बुचासारखा थर असतो, तो पाणी उडू देत नाही. म्हणून तर बटाटा महिनोन्महिने टिकतो. केसवानींच्या वॉर्डात उकडलेल्या बटाट्यांच्या साली गॉजच्या पट्टीवर ओळीनं चिकटवत, गुंडाळी करून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करत. (घरी कुणी हा प्रयोग करू नका. भाजलं की आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग दवाखाना.) साल चिकटत नाही, त्यामुळे काढताना दुखत नाही. १९८५ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पहिला निबंध आला. १९९० च्या निबंधात सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी होती. सालीखाली जखम सुकत नाही, उरलेल्या पेशींची बेटं जगतात आणि तिथूनच कातडी पुन्हा धरते. साल जंतू मारत नाही, त्यासाठी मलम लागतंच, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हे जास्त आवडलं. आजकाल हळदीच्या चिमटीवरही कॅन्सर बरा करणारे व्हिडिओ फिरतात.

पण साल तयार करायला माणसं लागतात, वेळ लागतो. इथे गोष्ट दादरच्या पुढे, सायन हॉस्पिटलात जाते. तिथल्या सर्जन डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. गुळगुळीत, मेणचट, आणि एका पानात अख्खी पाठ झाकते. दादरच्या बाजारात सकाळी भारेच्या भारे असतात. २००३ च्या त्यांच्या निबंधात पान आणि साल यांची थेट तुलना आहे. गुण सारखेच, पण पान अकरा पट स्वस्त आणि तयार करायला सोपं. म्हणजे परळच्या स्वस्त पट्टीला सायननं आणखी स्वस्त पट्टीनं मागे टाकलं! या चढाओढीची बातमी आम्ही पत्रकारांनी कधी पहिल्या पानावर घेतली नाही. पानाची जाहिरात करायला एमआर फिरत नाहीत, हेही एक कारण असावं.

खोल भाजलेल्याला मात्र साल-पान पुरत नाही, त्याला माणसाचीच कातडी लागते. म्हणून सायनलाच २००० साली त्वचापेढी गोरे यांच्या पुढाकारानं सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय किंवा पाठीवरून कातडीचा पातळ पापुद्रा घेतात. रक्तस्राव होत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. रुग्णाचं शरीर ती काही आठवड्यांत टाकून देतं, पण तेवढ्यात त्याचा जीव तगतो.

डोळे दान करायला आपल्याकडे लोक तयार होतात. कातडी म्हटलं की घरात शांतता पसरते. गेल्या महिन्यात आमच्याच मजल्यावर एक आजोबा गेले, डोळे दिले. कातडीचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, मुलाच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो. सहा तास कधीच उलटून गेले.